डेलनीची सकारण गैरहजेरी

ॲल्डर रनच्या हायस्कुलात मूल आजारी म्हणून घरी राहिलं, तर आईबापांनी लिहिलेली एक ओळ पुरते. पोट बिघडलं, सही, तारीख, संपलं. पोट बघायला कुणी येत नाही. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो त्या सोमवारी तर ओळही लागत नाही, कारण त्या दिवशी शाळाच बंद असते. मास्तर, बसचे ड्रायव्हर आणि निम्मी पोरं नारिंगी जाकिटं घालून रानात गेलेली असतात. पण मुलाला पुढे ज्या कॉलेजात जायचंय ते एकदा डोळ्यांनी बघून यायचं असेल, तर पिवळा फॉर्म लागतो. तो शाळेचे तीन दिवस आधी द्यायचा, त्यावर सातही विषयांच्या शिक्षकांच्या आणि उपमुख्याध्यापकांची अशा सह्या घ्यायच्या, आणि परत आल्यावर तीन दिवसांच्या आत त्या कॉलेजचं, कॉलेजच्याच छापील कागदावरचं, अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र जोडायचं. यातलं एक जरी राहिलं तरी ती गैरहजेरी 'विनाकारण' ठरते, आणि विनाकारण गैरहजर राहिलेल्याला त्या दिवशी बुडालेली परीक्षा पुन्हा देता येत नाही. सरळ शून्य मिळतं.

लॉईड झेलिन्स्कीने हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याला तो मनापासून आवडला होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तो या नियमाबद्दल जे काही बोलला त्यातलं फारसं छापण्यासारखं नाही. लॉईड सरकारच्या वजन-मापं खात्यात निरीक्षक होता. पेट्रोल पंपावर जाऊन पत्र्याच्या मापात पेट्रोल ओतून बघायचं, खाटकाच्या काट्यावर पितळी वजनं ठेवायची, बरोबर निघालं तर स्टिकर चिकटवायचा, नाही निघालं तर लाल चिठ्ठी लावून पंप बंद करायचा. तेवीस वर्षांत त्याने एकाही पंपाला चमचाभराची सूट दिली नव्हती. जगात नियम पाळणारा माणूस कमी आणि वाकवणारे फार, आणि पाळणाऱ्याचंच शेवटी भलं होतं, असं त्याचं ठाम मत होतं. या मताला आधार काय, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्याची मुलगी डेलनी बारावीत होती आणि तिला नद्यांचा अभ्यास करायचा होता. नद्यांचा म्हणजे नक्की कशाचा, हे लॉईडने समजून घेतलं नव्हतं. थॉर्नबरी कॉलेज त्यासाठी चांगलं आहे आणि तिला तिथेच जायचंय एवढं त्याला माहीत होतं. कॉलेज गाडीने चार तासांवर. प्रवेश मिळणं कठीण, पण डेलनीला गणितात पहिला वर्ग होता, बाकीच्या विषयांतही होता, तेव्हा मिळण्यासारखं होतं.

"एकदा जाऊन बघायला हवं," डेलनी म्हणाली. "त्यांना कळलं पाहिजे की मला खरंच यायचंय."

"बघू या ना," लॉईड म्हणाला. "पण रीतसर."

दिवस निवडण्यात लॉईडने जी हुशारी दाखवली तिथून या गोष्टीला गळती लागली. ऑक्टोबरातला दुसरा सोमवार ही सरकारी सुट्टी. लॉईडला त्या दिवशी रजा टाकावी लागणार नव्हती. शाळा मात्र चालू होती, कारण आमच्या शाळेने ती सुट्टी केव्हाच हरणांच्या सोमवारच्या बदल्यात देऊन टाकलीय. म्हणजे बापाला रजा नाही, मुलीला एकच दिवस, आणि तोही नियमात बसणारा. लॉईडने कॉलेजच्या संकेतस्थळावर जाऊन नाव नोंदवलं. त्या सोमवारपुढे 'स्वयंमार्गदर्शित भेट' असं लिहिलेलं होतं. लॉईडला वाटलं, हे काहीतरी खास आहे. त्याने खूण केली.

सात सह्या घ्यायला डेलनीला चार दिवस लागले. व्यायामाच्या मास्तरांनी फॉर्म भिंतीला टेकवून न वाचता सही केली. गाण्याच्या बाईंनी डिसेंबरच्या कार्यक्रमाच्या तालमी बुडवणार नाही असं आधी लिहून घेतलं. गणिताचे टॉम्लिन सर म्हणाले, सोमवारी काही नाही, चाचणी शुक्रवारी आहे. मग त्या शुक्रवारी शाळेच्या फुटबॉल सामन्यासाठी सगळ्यांना मैदानात नेऊन ढोल वाजवून ओरडायला लावायचं ठरलं, आणि चाचणी सोमवारवर गेली.

"काळजी करू नकोस," टॉम्लिन सर डेलनीला म्हणाले. "गैरहजेरी सकारण लागली की बुधवारी माझ्याकडे येऊन दे. मला काय, मी इथेच असतो."

या सत्रात गणिताच्या तीनच मोठ्या चाचण्या होत्या आणि ही त्यातली एक. शून्य मिळालं असतं तर गणितातला पहिला वर्ग घसरून तिसरा झाला असता, आणि थॉर्नबरी कॉलेज जानेवारीअखेर शाळेकडून सहामाही गुण मागवून घेतं. हे डेलनीने बापाला रात्रीच्या जेवणाला नीट समजावून सांगितलं. लॉईड म्हणाला की शून्याचा प्रश्नच कुठे येतो, फॉर्म दिलाय ना आपण.

शेजारी रँडी मेहॅफी राहतो. त्याला पानं गोळा करायला आवडत नाही, म्हणून तो यंत्राने फुंकून ती लॉईडच्या अंगणात पाठवतो. त्या शनिवारी यंत्र बंद करून तो कुंपणावर टेकला.

"पिवळा फॉर्म भरलास? कशाला रे? सरळ पोट बिघडलं लिहायचं."

"पण पोट बिघडलेलं नसेल तर?"

"लॉईड, सोमवारी सकाळी सगळ्यांचंच पोट बिघडलेलं असतं."

"खोटं लिहिणं मला जमत नाही."

"तुला जमत नाही हे ठाऊक आहे सगळ्यांना," रँडी म्हणाला. "रोझानला लिहायला सांग. बायकांचं अक्षर बरं असतं."

लॉईडची बायको रोझान स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे ऐकत होती. तीही तेच म्हणाली. लॉईड पानं गोळा करत राहिला, त्यातली निम्मी रँडीची होती.

सोमवारी पहाटे निघून दहाला ते थॉर्नबरीत पोचले. कॉलेज फार सुंदर होतं. जुन्या दगडी इमारती, लाल झाडं, आणि चिटपाखरू नाही. प्रवेश कार्यालयाच्या दाराला कुलूप. दारावर चिठ्ठी होती: शरद ऋतूची सुट्टी, कार्यालय बुधवारी उघडेल. खाली एक लाकडी पेटी होती, तिच्यात नकाशे. स्वयंमार्गदर्शित भेट म्हणजे काय ते लॉईडला तेव्हा कळलं. पेटीतून नकाशा घ्यायचा आणि आपलं आपण हिंडायचं.

"ठीक आहे ना बाबा," डेलनी म्हणाली. "हिंडू या."

"तू हिंड," लॉईड म्हणाला. "मी पत्राचं बघतो. साडेबाराला गाडीपाशी ये."

"तू नाही येणार?"

"पत्र नसेल तर येऊन उपयोग काय?"

डेलनी नकाशा घेऊन एकटी खाली नदीच्या बाजूला गेली, आणि लॉईड अधिकारी शोधायला निघाला. ग्रंथालय उघडं होतं. आत एक झोपाळलेला विद्यार्थी बसला होता. त्याच्याकडे एकच शिक्का होता, पुस्तक परत करायच्या तारखेचा. तो मारून द्यायला तो तयार होता, पण त्यावर तीन आठवड्यांनंतरची तारीख आली असती. मग लॉईड भोजनगृहात गेला. तिथल्या गल्ल्यावरच्या बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी त्याला सूप दिलं, मुलीचं नाव विचारलं, आणि पावतीमागे सुरेख अक्षरात लिहून दिलं की डेलनी झेलिन्स्की ही आज कॉलेजात आली होती. लॉईडने पावती उलटी केली. तिच्यावर कॉलेजचं नाव नव्हतं, जेवण पुरवणाऱ्या ठेकेदाराचं होतं. त्याने ती बाईंना आदराने परत दिली. हेही फक्त लॉईडच करू जाणे. दुसऱ्या कुणी निदान खिशात ठेवली असती.

शेवटी त्याला आवारात गाडी घेऊन फिरणारा सुरक्षा अधिकारी दिसला. अंगावर गणवेश, छातीवर बिल्ला, आणि हातात कॉलेजचं नाव छापलेलं पावतीपुस्तक. लॉईडचे डोळे त्या पुस्तकावर खिळले.

"तुम्ही भेटीचं पत्र देता का?"

"मी फक्त दंड देतो," अधिकारी म्हणाला. "चुकीच्या जागी गाडी लावली तर."

"त्यावर तारीख असते? वेळ? तुमची सही?"

"असते की."

"मग माझी गाडी चुकीच्या जागी आहे," लॉईड म्हणाला. "प्राध्यापकांच्या जागेत लावलीय."

"आज सुट्टी आहे, आज कुठेही लावा. मजा करा."

तेवीस वर्षांत ज्याने कुणाला चमचाभराची सूट दिली नाही, त्या माणसाने तेव्हा काय केलं, तर गाडीत बसून ती काढली आणि आगीच्या बंबाच्या नळासमोर, जिथे सुट्टी असो वा नसो गाडी लावायची नाही असं लाल रंगात लिहिलेलं असतं, तिथे नेऊन उभी केली. अधिकारी शेजारी उभा राहून बघत होता.

"साहेब, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"लिहा," लॉईड म्हणाला.

अधिकाऱ्याने लिहिलं. जन्मात पहिल्यांदाच मिळालेली ती दंडाची पावती लॉईडने घडी न घालता फाईलमध्ये ठेवली. आता छापील कागद होता, तारीख होती, सही होती. स्वतःवर तो इतका खूश पूर्वी कधी झाला नव्हता. साडेबाराला तो गाडीपाशी उभा राहिला. डेलनी सव्वा वाजता धावत आली.

"बाबा, खाली नदीजवळ एक इमारत आहे ना, तिथे तळघरात..."

"पाऊण तास उशीर झालाय. हे बघ काय मिळवलं ते," लॉईड म्हणाला, आणि पावती कशी मिळवली ते सांगू लागला. सांगता सांगता ते हमरस्त्याला लागले. मध्ये एकदा डेलनीने पुन्हा काहीतरी सुरू केलं, पण तेव्हा लॉईड शाळेच्या नियमातला 'अधिकारी' हा शब्द सुरक्षा अधिकाऱ्याला कसा लागू पडतो ते सांगत होता. पुढे ती झोपली, किंवा डोळे मिटून पडून राहिली.

शाळेच्या हजेरीच्या खिडकीत, गैरहजेरीचे कागद घ्यायला, मिसेस ऑर्टमन बसतात. डोळ्यांवर साखळीचा चष्मा, समोर पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी. आजारी मुलांना त्या एक गोळी देतात आणि खरोखर आजारी असलेल्यांना दोन. दुसऱ्या दिवशी त्यांनी पावती चष्म्याच्या वरून आणि खालून वाचली.

"मिस्टर झेलिन्स्की, यात गाडीचा नंबर आहे. डेलनीचं नाव कुठंय?"

"ती गाडीतून आली होती."

"ते मला मान्य आहे. पण यावरून तुमची गाडी कॉलेज बघायला गेली होती एवढंच सिद्ध होतं."

"मग दुसरं काय आणू?"

"पत्र आणा. छापील कागदावर."

लॉईडने त्याच दुपारी कॉलेजला फॅक्सने पत्र पाठवलं. बुधवारी कार्यालय उघडल्यावर फॅक्सनेच उत्तर आलं की स्वयंमार्गदर्शित भेटींची नोंद ठेवली जात नाही, मात्र डेलनीला कॉलेजबद्दल वाटणाऱ्या आस्थेबद्दल आभार. उत्तर छापील कागदावर होतं. लॉईडने तेही नेऊन दाखवलं. मिसेस ऑर्टमननी ते वाचून त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर लॉईड पुढे बरेच दिवस विसरला नाही.

तिसरा दिवस संपत आला होता. खिडकीसमोर दुसरं कुणी नव्हतं. मिसेस ऑर्टमननी पिवळा फॉर्म हातात घेतला आणि आवाज खाली आणला.

"हे बघा. हा फॉर्म मला मिळालाच नाही असं समजू या. चार तास जायचे, चार तास यायचे. पोरीला गाडी लागली असेल, नाही का? मळमळलं असेल?"

"नाही," लॉईड म्हणाला. "तिला गाडी लागत नाही."

"मिस्टर झेलिन्स्की, मी तुम्हाला एक कोरा कागद देतेय."

"दिसतंय मला."

"त्यावर एक ओळ लिहा. मी आत्ता सकारण लावते आणि उद्या ती चाचणी देते. लिहा की हो."

त्यांनी पेनही पुढे केलं होतं. मिसेस ऑर्टमनना आमच्या गावात खडूस म्हणतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. लॉईडने पेन घेतलं नाही. तो म्हणाला की ज्या नियमाने मुलीने सात सह्या आणल्या, त्याच नियमाने तिची गैरहजेरी सकारण ठरेल, आणि ती ठरवून घ्यायला तो समर्थ आहे. त्याला हे वाक्य फार चांगलं वाटलं. घरी आल्यावर त्याने ते जसंच्या तसं जेवणाच्या टेबलावर पुन्हा म्हणून दाखवलं.

डेलनीने काटा खाली ठेवला.

"त्या देत होत्या कागद? आणि तू नाही लिहिलंस?"

"खोटं होतं ते."

"बाबा, सगळी शाळा लिहिते."

"सगळी शाळा उद्या पंपात पाणी घालेल. मी काय स्टिकर लावू?"

"मग मी शून्य घेऊ?"

"थोडे दिवस," लॉईड म्हणाला. "तात्पुरतं."

 रोझानने उठून बटाट्यांचं भांडं उचललं, लॉईडचं अजून वाढून व्हायचं होतं.

दुसऱ्या सकाळी रोझानने स्वतः ओळ लिहून शाळेत नेली. मिसेस ऑर्टमन हळहळल्या. पण लॉईडने आदल्या संध्याकाळीच उपमुख्याध्यापकांना चार पानी अर्ज पाठवून दिला होता, आणि त्यात पहिल्याच परिच्छेदात, सत्याला धरून, डेलनी त्या दिवशी पूर्ण निरोगी होती असं लिहिलेलं होतं.

उपमुख्याध्यापक डॉ. ब्रूबेकर हा हसरा माणूस. तो हसतच नाही म्हणतो. त्याने लॉईडला नियमपुस्तिका काढून दाखवली, लॉईडने स्वतःची काढली, तिच्यात रंगीत खुणा होत्या. पाऊण तास दोघे 'अधिकृत भेट' या दोन शब्दांवर बसले होते. ब्रूबेकर म्हणाला, भेट अधिकृत नव्हती. लॉईड म्हणाला, फॉर्मवर तुमचीच सही आहे, म्हणजे भेट तुम्ही अधिकृत केलीत. ब्रूबेकर म्हणाला, मी जाण्याला परवानगी दिली, भेटीला नाही.

"म्हणजे ती गेली हे सकारण," लॉईड म्हणाला, "आणि पोचली हे विनाकारण?"

"तुम्ही फार छान मांडता," ब्रूबेकर हसून म्हणाला. "वर अपील करू शकता."

याच सुमारास रँडी मेहॅफी बायको-मुलांसह फ्लोरिडाला गेला. पाच दिवस, शाळा चालू असताना. परत आला तो नाकावरची कातडी निघालेला. कुंपणावरून त्याने फोटो दाखवले. त्याचा मुलगा कोडी माशाचा पोशाख घातलेल्या माणसाच्या गळ्यात हात टाकून उभा होता.

"पाच दिवस विनाकारण?" लॉईडने विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती.

"छे. शैक्षणिक सहल. निळा फॉर्म. कारण काय लिहिलं ठाऊक आहे? समुद्री जीवन."

लॉईड दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हजेरीच्या खिडकीवर उभा होता.

"निळ्याला पत्र लागत नाही," मिसेस ऑर्टमन म्हणाल्या.

"का?"

"कारण तो निळा आहे, मिस्टर झेलिन्स्की."

मला लॉईडची कीव येते ती इथे. तो चुकीचा नव्हता. पाच दिवस माशाच्या गळ्यात पडणारं पोरगं सकारण, आणि कॉलेज बघायला गेलेली पोरगी विनाकारण, हे ज्याला खटकणार नाही त्याचं डोकं तपासून घ्यावं. पण एखाद्या गोष्टीत माणूस बरोबर असला की त्याला दुसरं काही दिसेनासं होतं. लॉईडच्या घरी गणिताच्या शून्याविषयी बोलणं बंद झालं होतं आणि न्यायाविषयी सुरू झालं होतं. फाईल जाड झाली. मग दोन झाल्या. रविवारी चर्चच्या आवारात लोक त्याला बघून गाडीकडे लवकर वळू लागले. एका माजी शिक्षिकेने त्याला सांगितलं की शाळांच्या अधीक्षकांना लिहा. अधीक्षकांनी सांगितलं की शाळा मंडळापुढे या. मंडळ महिन्यातून एकदा बसतं. डिसेंबरच्या बैठकीत नवे पदाधिकारी निवडायचे होते, म्हणून विषय पुढे गेला. जानेवारीच्या बैठकीच्या दिवशी दीड फूट बर्फ पडलं आणि बैठक रद्द झाली.

जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी शाळेने थॉर्नबरी कॉलेजला डेलनीचे सहामाही गुण पाठवले. गणितात तिसरा वर्ग. डेलनीने ते बापाला सांगितलं तेव्हा तो मंडळासमोरच्या भाषणाची वेळ लावून बघत होता.

"मंडळाचा निकाल लागला की ते सुधारून पाठवतील," तो म्हणाला.

"तोवर त्यांचं ठरलेलं असेल."

"मग आपण त्यांना निकालाची प्रत पाठवू."

डेलनी दारातून वळून वर गेली.

फेब्रुवारीत मंडळ शाळेच्या ग्रंथालयात बसलं. नऊ सभासद, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे वर करून. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं. समोर एक आकड्यांचं घड्याळ ठेवलेलं असतं, ते उलटं मोजत येतं. लॉईडच्या हातात त्याचं सरकारी प्रमाणित घड्याळ होतं. त्याच्याआधी एक बाई शाळेच्या भोजनातल्या पिझ्झाबद्दल बोलल्या. त्या बोलत असताना लॉईडने दोन्ही घड्याळं ताडून पाहिली.

"माननीय सभासद," त्याने सुरुवात केली, "मुख्य मुद्द्यापूर्वी एक सांगायचंय. तुमचं घड्याळ दर तीन मिनिटांना चार सेकंद पुढे जातंय."

"मिस्टर झेलिन्स्की, तुमची वेळ सुरू झालीय," अध्यक्ष म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी. प्रत्येक नागरिकाचे चार सेकंद..."

अध्यक्षांनी सांगितलं की नोंद घेतली जाईल. लॉईड म्हणाला की नोंद कुठे घेतली जाईल. यात एक मिनिट गेलं. उरलेल्या दोन मिनिटांत, चार सेकंद कमी, त्याने जे सांगितलं ते मात्र चोख होतं, हे मी तिथे बसलो होतो म्हणून सांगू शकतो. पिवळा आणि निळा फॉर्म त्याने दोन हातांत धरून दाखवले.  एका सभासदाच्या पुतण्याला ब्रूबेकरने मागल्या वर्षी शिक्षा म्हणून घरी बसवलं होतं, त्या सभासदाने लगेच हात वर केला. दुसऱ्याला सात वाजता बास्केटबॉलच्या सामन्याला पोचायचं होतं. पाच विरुद्ध चार. गैरहजेरी सकारण.

लॉईड त्या रात्री पिशवी भरून आइस्क्रीम घेऊन घरी आला. रोझानने दोन चमचे खाल्लं. डेलनी म्हणाली, अभिनंदन, बाबा.

शाळेचं पत्र आलं की विद्यार्थिनीने बुडालेली चाचणी पाच दिवसांच्या आत द्यावी. डेलनीने ती चार महिन्यांपूर्वीची चाचणी बुधवारी दुपारी टॉम्लिन सरांच्या खोलीत एकटीने बसून दिली. शंभरात शहाण्णव. सरांनी वर लाल शाईने काहीतरी लिहिलं होतं आणि मग खोडलं होतं. शाळेने सुधारलेले गुण थॉर्नबरीला पाठवले. लॉईडने निकालाची प्रत, दोन्ही फॉर्म आणि दंडाची पावती वेगळी पाठवली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात थॉर्नबरीचं उत्तर आलं. छापील कागद, तारीख, अधिकाऱ्याची सही, सगळं काही होतं त्यावर. यंदा अर्ज फार आले, दुर्दैवाने डेलनीला जागा देता येत नाही. सुधारलेले गुण निर्णय झाल्यानंतर पोचले असंही एका ओळीत लिहिलं होतं.

लॉईडने पत्र दोनदा वाचलं, उठला, आणि कपाटातून नवी फाईल काढून आणली.

"त्यांच्याकडे पुनर्विचाराची सोय आहे," तो म्हणाला. "मी पाहून ठेवलंय. तीस दिवस मिळतात."

डेलनी स्वयंपाकघरात दुकानाच्या गणवेशात बसली होती. ती हल्ली संध्याकाळी बाजारपेठेतल्या मोठ्या वाणसामानाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. गावाजवळच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या कॉलेजात तिचं नाव नोंदवून झालं होतं, तिथे सगळ्यांनाच घेतात. नद्यांचा विषय तिथे नाही.

"नको, बाबा," ती म्हणाली.

"नको काय? तुला ते कॉलेज हवं होतं ना?"

"तुला माहीत होतं, हवं होतं ते?"

"म्हणजे काय. एवढं सगळं कुणासाठी केलं?"

डेलनीने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. "तू एकदाही विचारलं नाहीस, कसं होतं ते."

लॉईड फाईल हातात धरून उभा राहिला. पाच महिन्यांत हे खरंच राहून गेलं होतं. त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"कसं होतं?" त्याने विचारलं.

तिने आधी घड्याळाकडे पाहिलं. मग हळूहळू सांगायला लागली. नदीजवळच्या इमारतीचं दार उघडं होतं. खाली तळघरात पाण्याच्या मोठमोठ्या टाक्या होत्या आणि एक बाई सुट्टी असूनही हातभर बाह्या ओल्या करून काम करत होती. तिच्या टाकीत एक पाणसरडा होता, दोन फूट लांब, चिखलाच्या रंगाचा, अंगभर सुरकुत्या, दिसायला भयानक. आपल्याच नदीत असतो तो, बाबा, दगडाखाली, पण मी कधी पाहिला नव्हता. तो कातडीने श्वास घेतो, म्हणून पाणी घाण झालं की तोच आधी मरतो. त्या बाईने डेलनीच्या हातात बॅटरी दिली आणि म्हणाली धर जरा, आणि मग डेलनी तासभर ती बॅटरी धरून उभी होती. बाईने त्याला उचलून मोजलं, वजन केलं, तिला आकडे लिहायला लावले. तिचं नाव विचारलं. म्हणाली, पुढच्या वर्षी इथे आलीस तर सरळ माझ्याकडे ये, मला असं न घाबरणारं कुणीतरी हवंय. डेलनीला वेळेचं भानच राहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला कामाला लावलं होतं.

सांगताना डेलनीचा चेहरा बदलला होता. रोझान भांडी घासायची थांबली. लॉईड पुढे वाकून ऐकत होता, इतकं लक्ष देऊन त्याने तिचं कधीच ऐकलं नव्हतं. तिचं सांगून झालं.

"ती बाई," तो म्हणाला, "प्राध्यापक होती? कॉलेजची?"

"हो."

"मग तिने सही दिली असती."

डेलनीने त्याच्याकडे पाहिलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "दिली असती."

तिने खुर्चीवरून जाकीट उचललं आणि कामावर गेली.